वजन उतरवण्याआधी एकतिसाव्या दिवसाची तयारी करा: टप्प्याटप्प्याने करायच्या कामाचा क्रम

दिवाळी सरली की साताऱ्यात मोबाइलवर ‘३० दिवसांत ८ किलो’ अशा चॅलेंजचे निरोप फिरू लागतात आणि जानेवारीत त्यांची दुसरी लाट येते. प्रवेश फी, पहिल्या दिवशी वजन, महिनाभर पावडर किंवा सूप, शेवटच्या दिवशी पुन्हा वजन आणि बक्षीस, अशी त्यांची ठरलेली रचना असते. मी आहारसल्ल्याचे काम करते. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बरेच जण असे एखादे चॅलेंज पूर्ण करून, उतरलेले वजन परत चढल्यानंतर आलेले असतात आणि बहुतेकांना त्यात आपलाच दोष आहे असे वाटते. मला दोष दिसतो तो कामाच्या क्रमात. तिसाव्या दिवसापर्यंतचे सगळे ठरलेले असते, पण एकतिसाव्या दिवशी सकाळी ताटात काय असेल, हे कोणीच ठरवलेले नसते.

पहिल्या आठवड्यात काटा झपाट्याने खाली येतो, त्याचे कारण आधी समजून घ्यावे. यकृत आणि स्नायूंमध्ये साखरेचा सुमारे ५०० ग्रॅम साठा असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवलेले असते. भाकरी, भात बंद केले की हा साठा रिकामा होत जातो आणि दीड-दोन किलो वजन चरबीला फारसा धक्का न लागताच उतरते. नेहमीचे जेवण सुरू होताच तेच पाणी परत येते. १ किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. रोज ५०० कॅलरींची तूट सांभाळली, तर सुरुवातीला आठवड्याला जेमतेम अर्धा किलो चरबी कमी होते.

केवळ सावकाश उतरवले म्हणून वजन आपोआप टिकते, असेही नाही. मेलबर्नच्या संशोधकांचा २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास २०० स्थूल व्यक्तींवर होता. वैद्यकीय देखरेखीखाली एका गटाने १२ आठवड्यांत आणि दुसऱ्याने ३६ आठवड्यांत वजन उतरवले. ज्यांनी ठरवलेले लक्ष्य गाठले, त्यांच्यावर पुढे जवळपास तीन वर्षे लक्ष ठेवले, तेव्हा दोन्ही गटांत उतरलेल्या वजनापैकी सुमारे ७१ टक्के वजन परत आलेले दिसले. म्हणूनच पुढील क्रमात शेवटचा, म्हणजे टिकवण्याचा टप्पा मी सर्वांत महत्त्वाचा मानते. आधीचे टप्पे त्याचीच तयारी आहेत, आणि सावकाश जाण्याचा फायदा हा की तेवढ्या अवधीत सवयी मुरतात.

टप्पा १: जेवणाला हात लावण्यापूर्वी औषधे आणि तपासण्या

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल आणि जेवण अचानक निम्मे केले, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. मधुमेहाच्याच एसजीएलटी-२ गटातील गोळ्या, उदाहरणार्थ डापाग्लिफ्लोझिन, घेणाऱ्यांनी भाकरी-भात पूर्ण बंद केल्यास रक्तात आम्ल साठण्याचा गंभीर धोका असतो, आणि तो साखर फारशी वाढलेली नसतानाही उद्भवू शकतो. वजन उतरत जाते तशी रक्तदाबाची गोळीही जास्त होऊ लागते, उठताना चक्कर येते. म्हणून आपल्या डॉक्टरांना भेटून ‘मी जेवणात बदल करणार आहे, गोळ्यांचे काय करू?’ हा प्रश्न विचारणे हे पहिले काम आहे. त्याच भेटीत साखर, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडांची तपासणी) या तपासण्यांविषयी विचारावे.

सावधान: गरोदर व अंगावर पाजणाऱ्या महिला, १८ वर्षांखालील मुले, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असलेले आणि पूर्वी खाण्याशी संबंधित मानसिक आजार झालेले, यांनी कोणतेही चॅलेंज घेऊ नये आणि हा लेख वाचूनही स्वतःच्या मनाने सुरुवात करू नये. दिवसाला ८०० कॅलरींहून कमी आहार हा वैद्यकीय उपचार आहे, तो मोबाइलवरच्या गटात करण्याचा प्रयोग नव्हे. झपाट्याने वजन उतरताना पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. जेवणानंतर पोटात उजवीकडे वरच्या बाजूला तीव्र कळ आली, तर ती ॲसिडिटी समजून अंगावर काढू नये.

टप्पा २: सुरुवातीची मोजमापे

काटा, शिंप्याकडे असते तशी टेप आणि शंभर पानी वही, एवढे साहित्य पुरते. वजन आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी शौचानंतर आणि काही खाण्यापिण्यापूर्वी, त्याच काट्यावर आणि सपाट फरशीवर करावे. कंबर मोजताना शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर टेप धरावी, श्वास सोडावा आणि पोट आत न ओढता आकडा लिहावा. आपल्याकडच्या लोकांसाठी पुरुषांत ९० सेंमी आणि स्त्रियांत ८० सेंमी ही धोक्याची रेषा मानतात. बीएमआय (किलोतले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २३ च्या पुढे गेला की जादा वजन आणि २५ च्या पुढे स्थूलता, असे आपल्याकडचे निकष आहेत. पाश्चात्त्य तक्त्यांतले २५ आणि ३० हे आकडे पाहून निश्चिंत राहू नये.

लक्ष्य टक्क्यांत ठरवावे. ७८ किलो वजनाच्या व्यक्तीने सहा महिन्यांत ५ टक्के, म्हणजे साधारण ४ किलो उतरवून टिकवले, तरी रक्तदाब आणि साखर यांत फरक दिसू लागतो. लग्नातले वजन किंवा कॉलेजातली पँट हे लक्ष्य ठेवू नये.

तपासा: पहिल्या पानावर तारीख, वजन, कंबर, रक्तदाब आणि चालू औषधे, हे पाचही लिहून झाले का? नसल्यास पुढे जाऊ नये.

टप्पा ३: काहीही न बदलता दोन आठवड्यांची वही

बहुतेक जण हा टप्पा गाळतात आणि नंतर तेच महागात पडते. या दोन आठवड्यांत जेवण अजिबात बदलायचे नाही, फक्त तोंडात जे जाईल ते त्याच वेळी लिहायचे. रात्री आठवून लिहिलेली वही खोटी निघते, कारण आपल्याला ताट आठवते, घास आठवत नाहीत.

कोरेगावकडच्या एका शिक्षिका ताईंची वही मला कायम आठवते. त्यांनी एका चॅलेंजमध्ये तीस दिवसांत साडेसहा किलो उतरवले होते आणि गणपतीपर्यंत ते सगळे परत आले होते. ‘मी खातेच किती?’ असे त्या कळवळून म्हणत, आणि त्यांची दोन्ही वेळची ताटे खरोखरच बेताची होती. वही आणली तेव्हा ताटाबाहेरचे दिसू लागले. पहाटे चहा, शाळेत जाताना चहा, मधल्या सुट्टीत चहा, पाहुणे आले म्हणून त्यांच्यासोबत अर्धा कप. मग संध्याकाळी स्वयंपाक करताना मूठभर शेंगदाणे, आणि रात्री साडेनऊला त्यांच्याच अक्षरात, ‘धाकट्याच्या ताटातला भात, वाया जायला नको म्हणून.’ ही ओळ चौदापैकी अकरा दिवस होती. त्यांच्या चॅलेंजच्या तक्त्यात या ओळीला जागाच नव्हती. तीस दिवस ती ओळ थांबली आणि एकतिसाव्या दिवशी होती तशी सुरू झाली.

ताईंनी भात सोडला नाही. कुकरमध्ये लावायचा तांदूळ अर्धी वाटी कमी केला आणि मुलाला आधी थोडा वाढून लागेल तसा परत वाढायला सुरुवात केली. इतका घरगुती उपाय कोणत्याही छापील आहारतक्त्यात सापडणार नाही, कारण तो फक्त त्यांच्या वहीत होता.

वही लिहिताना वेळ, पदार्थ आणि अंदाजे माप (वाटी, पळी, चमचा) यांसोबत ‘भूक होती का?’ याचे उत्तर हो किंवा नाही असे लिहावे. दोन आठवड्यांनी ‘नाही’ असलेल्या ओळींवर खूण करावी. पुढचा टप्पा त्या खुणांपासून सुरू होतो.

सावधान: वही घरातल्या कोणालाही तपासायला देऊ नये. दुसरा वाचणार आहे हे कळले की माणूस लिहिताना आवरते घेतो.

टप्पा ४: ताट आणि ताटाबाहेरचे

बदल एका वेळी एकच करावा आणि तो दोन आठवडे टिकल्यानंतरच दुसरा हाती घ्यावा. क्रम शक्यतो पुढीलप्रमाणे ठेवावा.

पहिला बदल चहाचा. एका कपात दोन चमचे साखर म्हणजे सुमारे १० ग्रॅम, म्हणजेच ४० कॅलरी. दिवसात चार कप झाले की १६० कॅलरी केवळ साखरेच्या होतात. साखर एकदम बंद न करता दर आठवड्याला अर्ध्या चमच्याने कमी करावी, म्हणजे जीभ तक्रार करत नाही. साखरेऐवजी गूळ घातल्याने वजनाच्या हिशेबात काही वाचत नाही. ऊस पिकवणाऱ्या आपल्या भागात हे ऐकून अनेकांना वाईट वाटते, पण गुळाच्या कॅलरी साखरेच्या जवळपासच आहेत.

दुसरा बदल तेल आणि कुटाचा. तेलासाठी पातेल्यात डोकावत बसण्यापेक्षा एक सोपी पद्धत मी सांगते. पाच लिटरचा डबा फोडला की त्याच दिवशी त्यावर पेनने तारीख घालावी. चार माणसांच्या घरात तो डबा ३० दिवसांत संपत असेल, तर माणशी रोज सुमारे ३८ ग्रॅम तेल जाते. तोच डबा ४५ दिवस पुरवला, तर ते २५ ग्रॅमवर येते आणि माणशी रोज शंभराहून थोड्या अधिक कॅलरी वाचतात. घरातल्या एकालाही वेगळे जेवण करावे लागत नाही. फोडणीला पळीने तेल न ओतता चमच्याने मोजून घालावे. शेंगदाण्याचा कूट चांगला आहे, पण १०० ग्रॅम शेंगदाण्यांत ५६० च्या पुढे कॅलरी असतात, म्हणून भाजीत तो मुठीने न घालता चमच्याने घालावा.

तिसरा बदल प्रथिनांचा, आणि येथे कमी करायचे नसून वाढवायचे आहे. वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही झिजतात. पुरेशी प्रथिने आणि ताकदीचा व्यायाम यांनी ही झीज बरीच रोखता येते. मूत्रपिंडे निरोगी असतील, तर वजनाच्या प्रत्येक किलोमागे १ ग्रॅमच्या आसपास प्रथिने दिवसभरात मिळावीत. ६० किलोच्या शाकाहारी व्यक्तीचा हिशेब असा बसतो: दोन भाकऱ्यांतून ११ ग्रॅम, घट्ट आमटीच्या एका वाटीतून ६ ते ७, मटकी किंवा घेवड्याच्या उसळीतून ९, पाव किलो दह्यातून किंवा तेवढ्या दुधातून ८, ३० ग्रॅम शेंगदाण्यांतून ७. ही बेरीज चाळीसच्या थोडी पुढे जाते. उरलेल्यासाठी ६० ग्रॅम पनीर आणि संध्याकाळी उकडलेल्या कडधान्याची एक वाटी घ्यावी. अंडी चालत असतील, तर दोन अंड्यांतून १२ ग्रॅम मिळतात. आमटी मात्र घट्ट हवी, वरच्या पातळ पाण्यात प्रथिने नसतात. कोरेगावचा वाघ्या घेवडा जिल्ह्यात सहज मिळतो. तो रात्रभर भिजवून पूर्ण शिजवावा, अर्धकच्चा राहिल्यास पोट बिघडते.

चौथा बदल ताटात वाढण्याच्या क्रमाचा. आधी कोशिंबीर आणि भाजी, मग उसळ किंवा आमटी, त्यानंतर भाकरी आणि शेवटी भूक उरली तर भात. मध्यम भाकरीला ५० ते ६० ग्रॅम पीठ लागते आणि त्यात १७५ ते २०० कॅलरी असतात, त्यामुळे तीनऐवजी दोन भाकऱ्या हा एवढा एकच बदलसुद्धा मोठा ठरतो. भाकरी वाईट आणि ओट्स चांगले, अशी समजूत मात्र करून घेऊ नये. माण-खटावची ज्वारी-बाजरी सोडून महागडे पाकीट आणण्याची काहीच गरज नाही.

सावधान: केस गळणे, सतत थंडी वाजणे, पाळी चुकणे, चिडचिड किंवा उभे राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येणे, यांपैकी काही दिसले तर तूट फार मोठी झाली आहे असे समजावे, जेवण वाढवावे आणि डॉक्टरांना भेटावे.

टप्पा ५: चालणे

लक्ष्य आठवड्याला किमान १५० मिनिटांचे आहे, पण सुरुवात जेवणानंतरच्या दहा मिनिटांनी करावी. वेग असा असावा की चालताना बोलता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही.

आपल्या शहरात चूक होते ती चढाची. उत्साहाच्या भरात पहिल्याच आठवड्यात लोक अजिंक्यताऱ्याची किंवा यवतेश्वर घाटाची वाट धरतात. चढताना दम लागतो आणि माणूस थांबतो, पण गुडघ्यांवर खरा ताण उतरताना येतो आणि तो दुसऱ्या दिवशी जाणवतो. पहिले सहा आठवडे सपाटीवर, उदाहरणार्थ शाहू स्टेडियमच्या मैदानावर चालावे. त्यानंतर ‘चार भिंती’ या टेकडीचा छोटा चढ घ्यावा आणि अजिंक्यतारा तिसऱ्या महिन्यात. यवतेश्वर घाटातून जाणाऱ्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनमध्ये २१ किलोमीटर धावण्याची इच्छा मनापासून चांगली आहे. ती पुढच्या वर्षासाठी राखून ठेवावी.

जून ते सप्टेंबर हा काळ आधीच धरून चालावे. पावसाने चालणे आठ दिवस बंद पडले की ते पुन्हा सुरू होत नाही, असा माझा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे. म्हणून मे महिन्यातच पावसाळ्याची जागा, मग तो इमारतीचा जिना असो, पार्किंग असो किंवा घरातला बोळ, ठरवून वहीत लिहावी.

अर्ध्या तासाच्या भरभर चालण्याने साधारण १२० ते १५० कॅलरी खर्च होतात आणि तेवढ्या अर्ध्या वडापावात असतात. ‘आज चाललो, म्हणून आज चालते’ हा हिशेब करू नये. चालण्याचा उपयोग साखर, झोप आणि उतरलेले वजन टिकणे यांसाठी फार मोठा आहे, वजन उतरण्याचे मुख्य काम मात्र ताटावर होते.

टप्पा ६: ताकदीचे व्यायाम

आठवड्यातून दोन दिवस पुरेत. हात न टेकता खुर्चीवरून उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून दंड आणि पाण्याच्या भरलेल्या बाटल्या खांद्यापर्यंत उचलणे, प्रत्येकी ८ ते १२ वेळा आणि दोन फेऱ्या. श्वास रोखू नये. चाळिशीपुढच्या महिलांनी तर हा टप्पा मुळीच गाळू नये.

टप्पा ७: काटा अडला किंवा वर गेला तर

मंगळवारी खारट लोणचे, बुधवारी लग्नातले जेवण आणि गुरुवारी काटा एक किलोने वर, असे झाले की लोक शुक्रवारी उपाशी राहतात. तो किलो बहुतेक मीठ आणि पाण्याचा असतो, कारण १ किलो चरबी चढण्यासाठी गरजेपेक्षा सुमारे ७,७०० कॅलरी जास्त खाव्या लागतात. मासिक पाळीच्या आधीही वजन असेच वाढते. त्यामुळे निर्णय एका आकड्यावर न घेता सलग चार आठवड्यांचे आकडे पाहून घ्यावा.

चार आठवडे वजन आणि कंबर दोन्ही जागच्या जागी असतील, तर जेवण आणखी तोडण्याआधी तिसऱ्या टप्प्यातली वही पुन्हा सात दिवस लिहावी. बहुतेक वेळा पळी परत आलेली असते.

टप्पा ८: यात्रा, उपवास आणि पेढे

गावची यात्रा टाळता येत नाही आणि टाळूही नये. त्या दिवशी आनंदाने, बसून आणि सावकाश जेवावे, दुसऱ्या दिवशी नेहमीच्या ताटावर यावे आणि उरलेले डब्यात भरून चार दिवस पुरवू नये. चतुर्थीला उपवास म्हणून साबुदाण्याची खिचडी, वेफर्स आणि पुन्हा रात्रीचे पूर्ण जेवण असा बेत असेल, तर त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त खाल्ले जाते. भगर, दही, थोड्या कुटाची आमटी आणि फळ यांवर उपवास नीट होतो. पाहुण्यांनी आणलेला कंदी पेढ्यांचा पुडा घरात उघडा ठेवू नये. प्रत्येकाला एकेक देऊन उरलेले त्याच दिवशी शेजारी वाटून टाकावेत.

चॅलेंज आधीच सुरू असेल तर

ते एकाएकी सोडून नेहमीच्या जेवणावर उडी मारू नये. पहिल्या आठवड्यात दुपारी एक भाकरी आणि उसळ परत आणावी, दुसऱ्या आठवड्यात रात्रीचे जेवण, आणि तिसऱ्या आठवड्यात पावडर पूर्ण बंद करून तिच्या जागी दूध, दही किंवा अंडी घ्यावीत. या काळात दीड-दोन किलो परत येतील. ते वर सांगितलेले पाणी आहे, त्याला घाबरून पुन्हा सूपवर जाऊ नये. त्यानंतर पहिल्या टप्प्यापासून सुरुवात करावी.

टप्पा ९: टिकवणे

साधारण तीन महिने वजन उतरवल्यावर, लक्ष्य गाठलेले असो वा नसो, एक महिना मुद्दाम आहे त्या वजनावर थांबावे. जेवण किंचित वाढवावे, उदाहरणार्थ रोज अर्धी भाकरी किंवा एक फळ, आणि वजन स्थिर ठेवण्याचा सराव करावा. उतरलेल्या शरीराला पूर्वीपेक्षा कमी ऊर्जा लागते आणि भूक मात्र वाढलेली असते. हे शरीराचे स्वाभाविक वागणे आहे, त्यात मनाचा दुबळेपणा शोधू नये. थांबण्याच्या महिन्यात ही भूक ओळखीची होते. मग हवे तर पुन्हा तीन महिने उतरवावे आणि पुन्हा थांबावे.

लक्ष्य गाठल्यावर वहीच्या शेवटच्या पानावर दोन आकडे लिहावेत: टिकवायचे वजन आणि त्याहून दोन किलो जास्तीचा आकडा. आठवड्याचे वजन करणे वर्षानुवर्षे चालू ठेवावे. सलग दोन आठवडे वरचा आकडा ओलांडला, तर त्याच दिवशी सात दिवसांची वही सुरू करावी, तेलाच्या डब्यावरची तारीख पाहावी, चहाचे कप मोजावेत आणि चालण्याचे किती दिवस बुडाले ते लिहावे. कोरेगावच्या ताईंची आता तिसरी वही चालू आहे. दोन वर्षांत त्यांनी तो वरचा आकडा तीनदा ओलांडला, आणि तिन्ही वेळा दीड महिन्याच्या आत त्या परत खाली आल्या.